आरक्षणाचा शिक्का किती वर्षे?

सिंहस्थ जवळ आला की नाशिकच्या तपोवनातील साधुग्रामच्या (साधूंच्या मुक्कामाच्या) जागेचा विषय निघतोच. कुंभाला जागा हवी, हे कोण नाकारेल? पण सातबारा शेतकऱ्याच्या नावावर आणि शहराच्या विकास आराखड्यात सार्वजनिक कामासाठी आरक्षण, अशा जमिनीवर ना बांधकाम करता येते, ना धड गिऱ्हाईक मिळते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना (एमआरटीपी) कायद्याच्या कलम १२७ नुसार आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत संपादन न झाल्यास मालक खरेदी सूचना (जमीन संपादित करा, अशी नोटीस) देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले न उचलल्यास आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. तरीही अनेकांना उच्च न्यायालय गाठावे लागते. (वकिलाची फी वेगळीच!) संपत्तीचा हक्क १९७८ च्या घटनादुरुस्तीनंतर मूलभूत राहिला नसला, तरी कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता घेता येत नाही, हे सांगणारे घटनेचे कलम ३००अ शाबूत आहे. महापालिकेने मुदत उलटलेल्या आरक्षणांची गटनिहाय यादी, मोबदल्याच्या तरतुदीसह, जाहीर करावी.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक