मेस्त, त्या रोजच्या फोनबद्दल

मेस्त,

नाव घालायचं नाही, फोन नंबर तर मुळीच नाही, असं तुम्ही मला बजावलंत. कारणही सांगितलंत: लोक येऊन रांग लावतील आणि दुपारची झोप जाईल. म्हणून नाव घालत नाही. गोव्यात डिचोलीच्या पुढे, पाळीच्या वाटेवर तुमच्या गॅरेजची एक पत्र्याची शेड आहे आणि तिच्या शेजारी फणस आहे, इतकंच लिहिते. त्या बाजूला शेडही पुष्कळ आणि फणसही पुष्कळ.

हे तोंडावरच सांगायचं होतं. पण कोणी आभार मानायला लागलं की तुमचा तेरा नंबरचा पाना हरवतो. गाडी न्यायला आले त्या दिवशी तो बराच वेळ सापडेना. शेवटी मी गप्प बसले, तेव्हा तुमच्या खिशातूनच निघाला.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. मेस्त म्हणजे आमच्याकडे मिस्त्री. मी राहते चोडणला, नोकरी पणजीत बँकेत, माहेर बेळगावचं. म्हणजे रोज फेरीबोट आणि अधूनमधून चोर्ला घाट. गाडी सेकंडहँड घेतली: लाल सेडान, १.८ लिटर टर्बो पेट्रोल. कारखान्यातून ती १८० हॉर्सपॉवरची, पण आधीच्या मालकाने इंजिनाची फाइल, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरमधलं सॉफ्टवेअर, बदलून २३०च्या पुढे नेली होती. ट्यूनिंगचा कागद त्याने मला अभिमानाने दाखवला आणि मलाही तो आवडला. काउंटरवर बसणाऱ्या बाईला एवढी जोरदार गाडी कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा चोर्ल्यात भरलेल्या ट्रकामागे अडकून बघावं.

इंजिन ठणठणीत होतं. दुखणं होतं गिअरबॉक्सचं. सात गिअरची दुहेरी क्लचवाली ऑटोमॅटिक. एक क्लच विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम. दोन्ही कोरडे, बिनतेलाचे. हा गिअरबॉक्स २५० न्यूटनमीटर टॉर्कसाठी, म्हणजे इंजिनाच्या तेवढ्या पिळाच्या जोरासाठी, बनवलेला. तेच इंजिन मॅन्युअल गिअरबॉक्सबरोबर ३२० न्यूटनमीटर देत असे आणि या ऑटोमॅटिकबरोबर मुद्दाम २५०वर रोखलेलं असे, यातच काय ते आलं. फाइल बदलल्यावर टॉर्क साडेतीनशेच्या घरात गेला, आणि वर माझी रोजची फेरी. रायबंदरच्या धक्क्यावरची रांग ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. इंच इंच पुढे, थांबा, पुन्हा इंच, आणि मग उतारावरून बोटीत नि पलीकडे चढावावरून बाहेर. तेवढा सगळा वेळ पहिल्या गिअरचा क्लच अर्धवट घसरत असतो, तापत असतो, आणि ती उष्णता न्यायला तिथे तेलाचा थेंब नाही.

गाडी आधी थरथरायला लागली. मग मधूनच गिअर गायब व्हायला लागले. एका सकाळी धक्क्याच्या उतारावर स्क्रीनवर पाना चमकला आणि गाडी ना पुढे ना मागे.

त्याआधीच्या आणि त्यानंतरच्या वर्कशॉपांची नावंही घालत नाही. ते काही त्यांच्या झोपेच्या काळजीने नव्हे. एका चकचकीत ठिकाणी क्लच बदलला. काही महिन्यांत पुन्हा तेच. मग म्हणाले सॉफ्टवेअर. मग म्हणाले मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअर बदलणारा गिअरबॉक्समधला कंप्युटर. मग म्हणाले अख्खा गिअरबॉक्सच नवा घाला, आणि जो आकडा सांगितला त्यात दुसरी बऱ्यापैकी गाडी आली असती. नवा घातला तरी तो त्याच जातीचा, मग तो का टिकेल, असं मी विचारलं. उत्तर आलं, 'मॅडम, सरांना फोन करायला सांगा ना.' सर म्हणजे आमचे हे, ज्यांना टायरात हवा भरण्यापलीकडे गाडीतलं काही कळत नाही आणि ते स्वतःच हे सगळ्यांना सांगत असतात. दुसऱ्या गॅरेजात गाडी भर पावसाळ्यात काच अर्धी उघडी ठेवून पडून होती. परत आणली तेव्हा सीटवर बुरशी. तिथे फोन केला की नुसती रिंग, आणि चुकून कोणी उचललाच तर 'पार्ट चेन्नईहून निघालाय.' चालत निघाला असता तरी एव्हाना पोचला असता. गाडी बंद ती बंदच, पण 'आमच्या सेवेला किती तारे द्याल' असे मेसेज मात्र न चुकता येत होते.

तुमचं नाव मला फेरीवरच्या एका खलाशाने सांगितलं. त्याचा भाऊ खाणीवर डंपर चालवायचा. 'ऑटोमॅटिक? मग पाळीच्या मेस्ताकडे जा,' म्हणाला. गाडी टो करून मयेमार्गे तुमच्याकडे आणली तेव्हा मला वाटलं होतं, डंपरवाला मेस्त आणि ही कंप्युटरवाली गाडी, कसं जमायचं? तुम्ही खाणीवर डंपरांचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडण्यात उमेदीची वर्षं घालवलीत, २०१२ साली खाणी बंद झाल्या आणि सगळ्या पट्ट्यातल्या ट्रकांना गंज चढू लागला तेव्हा लहान गाड्यांकडे वळलात, हे मला नंतर कळलं.

तुमचा पहिला सल्ला तुम्हाला सगळ्यात कमी मजुरी देणारा होता. फाइल काढून टाक, कारखान्याची परत घाल, क्लच नवा घाल आणि गप चालव. मी नको म्हटलं. जोर घालवायचा नव्हता. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग गाडीकडे, आणि 'सरांना विचारा' असं काही न म्हणता ऑइलच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर चित्र काढायला बसलात. सहा गिअरचा, ओल्या क्लचचा गिअरबॉक्स. क्लच तेलात बुडालेले, घासताना निघणारी उष्णता तेल घेतं, तेल कूलरमधून फिरून येतं. क्षमता ३५० न्यूटनमीटर. 'डंपरांतय हेंच आसता, बाय, फकत व्हडलें.'

दुहेरी क्लचची ही कल्पना केग्रेस नावाच्या फ्रेंच अभियंत्याने १९३९ साली मांडली, पोर्शने ती ऐंशीच्या दशकात शर्यतीच्या गाड्यांत वापरली आणि बाजारातल्या गाडीत ती २००३ मध्ये आली, हे मी कुठेतरी वाचून तुम्हाला मोठ्या उत्साहाने ऐकवलं होतं. तुम्ही विचारलंत, त्या केग्रेसाला मजुरी मिळाली का? मला अजून त्याचं उत्तर सापडलेलं नाही.

कामाचं वर्णन करत बसत नाही. फ्लायव्हील, ड्राइव्ह शाफ्ट, ब्रॅकेट, कूलरच्या नळ्या, आणि इंजिनाच्या कंप्युटरला नवा गिअरबॉक्स आपला वाटावा म्हणून लॅपटॉप घेऊन बसलेला तुमचा भाचा. ज्यांना करायचं आहे त्यांनी करणाऱ्याला विचारावं. दोन गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आलेला पहिला गिअरबॉक्स तुम्ही उघडलात, तेल हुंगलंत, चुंबकावरचा लोखंडाचा चुरा बोटाने पुसून मला दाखवलात आणि तो आल्या पावली परत पाठवलात. मी बघायला नसते तरी पाठवला असतात. आणि दुसरी: सगळं बसल्यावर तुम्ही फाइल ३३०वर आणायला लावलीत. ३५०चा आहे म्हणून ३५० पिळायचं नाही, म्हणालात. मी हुज्जत घातली. तुम्ही पाना शोधायला गेलात. इन्शुरन्सवाल्यांना बदल लेखी कळवल्याशिवाय चावी देणार नाही, हेही तेव्हाच ठरलं.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

गाडी तुमच्याकडे टाकली त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी फेरीत उभी होते आणि तुमचा फोन आला. माझ्या पोटात गोळा. गॅरेजचा फोन म्हणजे पैसे नाहीतर वाईट बातमी, इतकं मी शिकले होते. तुम्ही म्हणालात, 'बाय, आज कांयच काम जावंक ना. फाल्यां पळयतां.' आणि ठेवून दिलात.

मी फोनकडे बघतच राहिले. काही झालं नाही हे सांगायला फोन?

दुसऱ्या दिवशी पुन्हा. ऑइल सील आलं, पण चुकीचं आलं. त्यानंतर एकदा, बॉक्स खाली उतरवला, उद्या धुणार. मग कुर्ल्याची हकीकत. मग एकदा घसा बसलेल्या आवाजात, आज ताप आहे, शेड उघडलीच नाही. रोज त्याच सुमाराला, अर्ध्या मिनिटात आटोपणारा. तुम्ही कधी 'काळजी करू नका' म्हणाला नाहीत, 'होऊन जाईल' म्हणाला नाहीत. जे झालं ते आणि जे नाही झालं ते. चवथीच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा फोन वाजला. मागे झांजा, पोरांचा आरतीचा आरडाओरडा, आणि त्यात तुम्ही ओरडून सांगत होता की चवथ संपेपर्यंत काम बंद. अख्ख्या गोव्यात त्या दिवशी कोणतं काम चालू असतं, मेस्त? मला ठाऊकच होतं. तरी तुम्ही सांगितलंत.

गाडी दुसऱ्याच्या ताब्यात असते तेव्हा माणूस काय करतो, हे आधीच्या गॅरेजांनी मला चांगलं शिकवलं होतं. फेरीत उभी राहून मी मनातल्या मनात वाक्यं जुळवायची. आज फोन करू का? कालच केला होता. चिडून बोलले तर काम आणखी मागे टाकतील. गोड बोलले तर विसरून जातील. हसत विचारलं तर बाईला वेळ जात नाही म्हणतील. घरी पोचेपर्यंत डोकं उठलेलं असायचं आणि त्याचा प्रसाद घरातल्यांना. तुमचे फोन सुरू झाल्यावर ते सगळं आपोआप थांबलं. काम लवकर होत होतं अशातला भाग नाही. चांगलंच रेंगाळलं, खरं तर. पण फोन ठेवला की उरलेली संध्याकाळ माझी होती. सासूबाईंनी कधी गाडीचं नाव काढलं नव्हतं, त्याही जेवताना विचारायला लागल्या, 'मेस्ताचो फोन आयलो?'

तुम्ही असं का करता, हे मी एकदा विचारलं. तुम्हाला प्रश्नच नीट कळला नाही. मग म्हणालात, खाणीवर शिफ्ट बदलताना पुढच्या माणसाला सांगून जायचं असतं, काय उघडं ठेवलंय, कुठला बोल्ट आवळायचा राहिलाय. न सांगता गेलं तर दुसऱ्याचा हात जातो. तीच सवय. बस. मी तेव्हापासून त्या उत्तरावर बरीच वेळा विचार केला आहे. तुमच्या लेखी मी पुढच्या शिफ्टची होते. गिऱ्हाईक, मॅडम, सरांची बायको, यांपैकी कोणी नव्हते.

अशी माणसं कमी आहेत असं म्हणायची पद्धत आहे, पण मला ती भेटतात. गाडी धक्क्यावर अडकली त्या सकाळी एका खलाशाने धावत येऊन मागच्या चाकाला लाकडाची उटी लावली आणि दोघातिघांनी ती ढकलून बाजूला घेतली. मागे एवढी रांग होती, एकानेही हॉर्न वाजवला नाही. एवढंच की कोणी व्हिडिओ काढला असता तर त्याला मी समजू शकले असते; तोही कोणी काढला नाही. कुर्ल्याच्या त्या व्यापाऱ्याने परत आलेल्या गिअरबॉक्सचं तेल स्वतः हुंगून पाहिलं आणि वाद न घालता दुसरा पाठवला, हे तुम्हीच मला सांगितलंत. त्या चकचकीत वर्कशॉपात एसी होता, कॉफीचं मशीन होतं, भिंतीवर 'ग्राहक हाच देव' लिहिलं होतं. देवाचा फोन उचलायची पद्धत नसावी.

गाडीचं विचाराल तर परवा बेळगावला जाऊन आले. केरी सोडली की चढ लागतो, तिथेच पूर्वी ती थरथर सुरू व्हायची. मी रेडिओ बंद करून ऐकत होते. काही नाही. दुसरा, तिसरा, वळणावर पुन्हा दुसरा, सगळे आपापल्या जागी. कणकुंबीपर्यंत माझा स्टिअरिंगवरचा हात सैल झाला होता आणि जांबोटीच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर मी तिला जरा सोडली. किती, ते इथे लिहीत नाही, तुम्ही ओरडाल. सातवा गिअर गेला त्याने पेट्रोल थोडं जास्त जातं. जाऊ दे. फेरीच्या चढावर आता ती बोटीतून अशी बाहेर येते की खलाशी अंगठा दाखवतो.

गिअरबॉक्सचं तेल ६०,००० किलोमीटरला बदलायचं असं पुस्तकात आहे, पण फेरी आणि घाट बघता तुम्ही ४०,०००ला ये म्हणालात. येते.

राहिलं बिल. मी बँकेत आहे, मेस्त, बिल मला वाचता येतं. ब्रॅकेट तुम्ही स्वतः कापून वेल्ड केलंत, त्याची मजुरी त्यात नाही. कुर्ल्याला परत गेलेल्या गिअरबॉक्सचं भाडंही नाही. विचारलं तर 'नेवऱ्या पाठव, फिटलं' म्हणालात. नेवऱ्या, म्हणजे करंज्या, येतील, त्यांचा याच्याशी संबंध नाही. हे दोन आकडे मला कळवा. नाही कळवलेत तर मी अंदाजाने पाठवीन आणि माझा अंदाज नेहमी जास्तीचा असतो.

तुमची,
चोडणची लाल गाडीवाली