चेन्नईच्या मामींना, सोलापूरहून

आदरणीय मामी,

सा. न. वि. वि.

चेन्नईतल्या त्या आठवड्याबद्दलचे आभार फोनवरही मानता आले असते. पण पुण्यातल्या बँकेत नोकरीला असताना तुम्ही मराठी वाचायला शिकलात आणि अजूनही जमेल तसं वाचता, हे कळल्यापासून तुम्हाला लिहायचं मनात होतं. पत्र उघड लिहिते आहे, कारण म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन एखाद्या अवाढव्य शहरात आठवडाभर जायचं म्हटलं की पोटात गोळा येणारी आमच्यासारखी पुष्कळ माणसं आहेत. तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते त्यांनाही कळावं.

आईला समुद्र बघायचा होता. सत्तरी उलटली, दोन्ही गुडघे दुखतात, पण डिसेंबरात थंडीत गोधडी पांघरून बसण्यापेक्षा कुठेतरी जाऊ या, असा तिचाच आग्रह. सोलापूरहून चेन्नईला थेट गाडी, म्हणून चेन्नई ठरली. नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी सुचवलेल्या ठिकाणांची यादी दोन पानं भरली. त्यात महाबलीपुरम होतं, कांचीपुरम होतं, मगरींचं उद्यान होतं, साड्यांची चार दुकानं होती. २०११ साली आसपासची गावं सामावून घेतल्यावर चेन्नई महापालिकेची हद्द १७४ चौरस किलोमीटरवरून ४२६वर गेली, हे तुम्हीच नंतर सांगितलंत. यादीतली निम्मी ठिकाणं तर त्या हद्दीच्याही बाहेरची.

तुम्ही खालच्या मजल्यावर राहता, आम्ही वरचा फ्लॅट आठवड्यासाठी घेतलेला. आमच्याशी तुमचा संबंध एवढाच. किल्ली दिलीत की तुमचं काम संपत होतं. तुम्ही मात्र यादी शांतपणे वाचलीत, बाजूला ठेवलीत आणि आईला विचारलंत, "ताई, तुम्हाला सकाळी जाग किती वाजता येते?" आई म्हणाली, साडेचारला. तुमचा चेहरा एकदम खुलला. "मग झालंच. मार्गळी चालू आहे." मार्गळी म्हणजे डिसेंबरात सुरू होणारा, पहाटेच्या पूजेचा तमिळ महिना.

त्या एका उत्तरावर तुम्ही आमचा अख्खा आठवडा बेतलात. पहाट बाहेर, दुपार सभेत, म्हणजे तिथल्या संगीतसंस्थांच्या मैफलींत, संध्याकाळी घराजवळ. सेंट जॉर्ज किल्ल्यापासून तिरुवान्मियूरपर्यंतची समुद्रालगतची पट्टी शक्यतो सोडायची नाही. महाबलीपुरम पन्नासेक किलोमीटर लांब, "ते वेगळं गाव आहे, त्यासाठी वेगळं या." तुम्ही काय काय दाखवलंत ते पुढे लिहितेच, पण काय वगळायचं ते इतक्या ठामपणे सांगितलंत, याचे आभार आधी. असं सांगायला शहरही माहीत असावं लागतं आणि समोरच्या माणसाकडे नीट बघितलेलंही असावं लागतं.

मैलापूरची ती पहिली पहाट आई अजून सगळ्यांना सांगते. अंधारातच दारोदारी सडे पडलेले, बायका वाकून कोलम, म्हणजे पिठाची रांगोळी, काढताहेत, काही कोलमांच्या मध्यभागी शेणाच्या गोळ्यावर खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल. कपालीश्वराच्या देवळाभोवतीच्या माडा रस्त्यांवरून भजन म्हणत जाणारी मंडळी. लझ चौकाच्या बाजूला मेट्रोसाठी लावलेले पत्रे आणि त्यांच्या अलीकडे हे सगळं. मग देवळातला प्रसाद, द्रोणात वाफाळता पोंगल, तांदूळ आणि मूगडाळ, वर मिरी आणि तूप. आईने घास घेतला आणि म्हणाली, "अगं, हा तर आपला धुंधुरमास!" आमच्याकडेही सूर्य धनु राशीत असतो त्या महिन्यात भल्या पहाटे मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी आणि लोण्याचा नैवेद्य दाखवतात. माझ्या पिढीत ते जवळजवळ बंद पडलंय. इतक्या लांब येऊन आईला तिच्या माहेरची पहाट भेटली. तुम्ही तो महिना तिला नुसता दाखवला नाहीत. दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात तिच्या हातात पिठाची वाटी दिलीत आणि ठिपके मांडायला शिकवलेत. खाली वाकता येत नाही म्हणून तिला पायरीवर बसवून ओळी ओढायला लावल्यात. हे कुठल्या सहलीच्या पत्रकात मिळणार होतं?

समुद्रही तुमच्या वेळेनेच बघितला. आमच्या डोक्यात समुद्र म्हणजे कोकणचा, सूर्य बुडतो तो. मरीना किनाऱ्यावर तो समुद्रातून वर येतो. डिसेंबरच्या अखेरीस साडेसहाच्या सुमारास. "सहाला जा, आठला परत. संध्याकाळची गर्दी आईंना झेपणार नाही," असं सांगून तुम्ही ओळखीच्या रिक्षावाल्याला आदल्या रात्रीच ठरवून ठेवलंत. कामगार पुतळ्यापासून पाण्यापर्यंतची वाळू इतकी रुंद, की आई मध्येच थांबली. त्या रुंदीचं कारण तुमच्याकडून कळलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तरेला बंदराच्या भिंती उभ्या राहिल्या, किनाऱ्याने वाहत येणारी वाळू त्यांनी अडवली, ती दक्षिणेला साठत गेली आणि हा पट्टा वाढला. भिंतींच्या पलीकडे, उत्तरेच्या कोळीवस्त्यांकडे मात्र वाळू पोचेना आणि समुद्र जमीन खात गेला. मला हे ऐकून किनारा वेगळाच दिसायला लागला. लोक फिरायला येतात ती वाळू दुसऱ्या कुणाच्या दारातली आहे.

२६ तारखेला तुम्ही मरीनावर जाऊ नका म्हणालात आणि स्वतः आम्हाला पट्टिनपाक्कमच्या किनाऱ्यावर घेऊन गेलात. फोन पिशवीत ठेवायला सांगितलात. २००४च्या त्सुनामीत ज्यांची माणसं गेली ती कुटुंबं त्या सकाळी समुद्रात दूध आणि फुलं सोडतात. तुम्ही कुणाशीही बोलला नाहीत, नुसत्या उभ्या राहिलात, आम्हीही. परत येताना आईने तुमचा हात धरला होता तो घरापर्यंत सोडला नाही. या सकाळीबद्दल मी जास्त लिहीत नाही. पण सहलीला आलेल्या माणसांना तुम्ही तिथे उभं राहण्याच्या लायकीचं समजलात, त्याबद्दल तुमची ऋणी आहे.

दुपारच्या सभा ही तुमची सर्वांत शहाणी युक्ती. बऱ्याच सभांच्या दुपारच्या मैफलींना तिकीट नसतं, बसायला चांगली खुर्ची, थंड हॉल, मागे कॅन्टीन. गुडघ्यांना विश्रांती आणि कानांना गाणं. १९२७च्या काँग्रेस अधिवेशनाच्या निमित्ताने भरलेल्या संगीत परिषदेतून पुढच्या वर्षी म्युझिक अकॅडमी उभी राहिली आणि डिसेंबरातला हा उत्सव रुजला, हे तुम्ही दबऱ्यात, त्या पसरट वाटीत, कॉफी फेसाळत सांगत होतात. आईला कर्नाटक संगीतातलं काही कळत नाही, असं ती पहिल्या दिवशी म्हणत होती. तुम्ही म्हणालात, "शेवटपर्यंत बसा." आणि शेवटी त्या तरुण गायिकेने अभंग धरला. विठ्ठलाचं नाव आलं आणि आमच्या भजनी मंडळातली आई खुर्चीतच टाळ्या वाजवायला लागली. पुढच्या रांगेतल्या दोन आजींनी मागे वळून बघितलं आणि त्याही टाळ धरल्यासारख्या टाळ्या वाजवू लागल्या.

त्या रात्री तुम्ही तंजावरचं सांगितलंत. तिथल्या भोसल्यांच्या दरबारात मराठी कीर्तनकार आले, त्यांच्या ढंगातून तमिळ हरिकथा घडत गेली, साकी, दिंडी, ओवी या मराठी चाली त्या कथांमध्ये आजही गातात. दुसऱ्या दिवशी मुद्दाम हरिकथेला नेलंत. शब्द तमिळ, पण साकी सुरू झाली की आई माझ्याआधी ओळखायची. ती आयुष्यभर कीर्तनं ऐकत आली, त्या ऐकण्याचा तिथे असा मान झाला.

एग्मोरच्या संग्रहालयाला शुक्रवारी सुट्टी असते म्हणून आम्हाला गुरुवारी पाठवलंत. "सगळं बघू नका, फक्त ब्राँझ बघा." तिरुवेंकाडू गावाहून आलेल्या अर्धनारीश्वराच्या मूर्तीसमोर आम्ही बराच वेळ होतो. शिवाच्या बाजूला दोन हात, पार्वतीच्या बाजूला एक, आणि तरी कुठे काही कमी वाटत नाही. मी आजवर पाहिलेल्या मूर्तींत हिच्याइतकी सुंदर दुसरी नाही.

जॉर्ज टाउनमध्ये मात्र तुम्ही आम्हाला एकटं जाऊ दिलं नाहीत. थंबू चेट्टी स्ट्रीटच्या गर्दीतून आईला सांभाळत कालिकांबाळच्या देवळात नेलंत, कारण "महाराष्ट्रातून आलात आणि हे बघितलं नाही, असं नको." दक्षिण मोहिमेत १६७७च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराज इथे दर्शनाला आले, अशी त्या देवळाची परंपरा सांगते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात महाराजांनी सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या इंग्रजांकडे काही औषधं आणि विषावरचे उतारे मागवले होते आणि इंग्रजांनी ते पैसे न घेता भेट म्हणून पाठवले, ही नोंद तर किल्ल्याच्या दफ्तरातच आहे. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाने हे सगळं कधी आणि का वाचलं असेल, असं मला वाटत राहिलं. मी विचारल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "पुण्याला सगळे महाराजांबद्दल बोलायचे. मग मी मद्रासच्या बाजूने वाचलं."

छोट्या गोष्टी तर किती. गुलाबी बसमध्ये बायकांना तिकीट लागत नाही, हे सांगून आईला पुढच्या दाराजवळची जागा मिळेपर्यंत थांबलात. तिच्या डब्यात रोज दहीभात भरलात. निघताना कॉफीच्या डिकॉक्शनची बाटली दिलीत, ती गाडीतच संपली.

आई आता रविवारी उंबऱ्यापाशी ठिपके मांडते. शेजारच्या दोघी शिकायला येतात, त्यांना ती तुमचं नाव सांगते.

तुम्ही म्हणाला होतात की पुण्यात इतकी वर्षं राहून पंढरपूर राहून गेलं आणि वाळवंटातलं कीर्तन एकदा ऐकायचं आहे. सोलापूरहून पंढरपूर सत्तरेक किलोमीटर. आषाढीची गर्दी तुम्हाला नको, माघी वारीला या. खालची खोली तुमच्यासाठी रिकामी करून ठेवते, जिना चढावा लागणार नाही. शेंगाचटणी तुम्हाला आवडली, ती या वेळी जास्त करून ठेवू. आईने पहाटे कुठल्या घाटावर जायचं आणि कुणाचं कीर्तन ऐकायचं ते आत्ताच ठरवून ठेवलंय. तारीख कळवा, तिकिटाचं मी बघते.

तुमची,
वरच्या मजल्यावरची, सोलापूरची