येळवशीला जमणार नाही

ग्योटिंगेन (जर्मनी), २३ नोव्हेंबर

ती. आई-अण्णांस सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. शेंगदाण्याची चटणी निम्मी संपलीसुद्धा. आई, मी वेळेवर जेवते. फोनवर गाल बसलेले दिसतात ते इथल्या उजेडामुळं. साडेचारलाच अंधारून येतं.

थंडीत खिडक्या लावून बस म्हणतेस, पण इथं तसं चालत नाही. बाहेर शून्य अंश असलं तरी हे लोक सकाळ-संध्याकाळ हीटर बंद करून पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडतात. अर्धवट नाही, पूर्ण. घर बंदच ठेवलं तर श्वासाची, स्वयंपाकाची वाफ भिंतीत मुरते आणि बुरशी धरते. माझ्या भाडेकरारातही तसं लिहिलंय.

परवा लॅबमध्येही कुणीतरी खिडकी उघडली. पदार्थ शुद्ध करायला मी तो गरम विरघळवून त्याचे खडे पाडत होते, तो फ्लास्क तिथंच निवत होता. एकदम थंडावला आणि खड्यांऐवजी भुकटी पडली, मळ आत अडकला. परत विरघळवावं लागलं, आणि दर खेपेला थोडा माल द्रावणात राहतोच. तीन आठवड्यांच्या कामातला निम्मा गेला. आता ठीक आहे, काळजी करू नका.

बाळूला सांगा, प्रॅक्टिकलला बेंझॉइक ॲसिड कमी भरतं ते पाणी जास्त झाल्यानं. उकळत्या पाण्यात लिटरला सुमारे ५६ ग्रॅम विरघळतं, २५ अंशांना साडेतीनच. म्हणून उकळतं पाणी जेमतेम लागेल तेवढंच घे. आई तूप उतरवल्यावर कुणाला हलवू देत नाही, म्हणून ते रवाळ होतं. तसंच हे आपोआप निवू दे. खडे धरत नसतील तर काचेच्या कांडीनं आतून घास, नाहीतर आधीचा एक खडा टाक. मग बर्फात ठेव. धुवायला बर्फासारखं गार पाणी, तेही थोडंच. गाळून खाली आलेलं पाणी फेकू नकोस, आटवून गार केलं की आणखी निघतं.

अण्णा, १८२८ मध्ये ज्यानं प्रयोगशाळेत युरिया तयार केला, त्या वोलरचा पुतळा इथं आहे. त्याच्यापुढून जाताना आपलं रान दिसतं.

मी तीस हजार पाठवलेत. आधी सोसायटीचा हप्ता भरा. सोयाबीन पाण्यात उभं होतं तेव्हा मी इथं होते, हे डोक्यातून जात नाही. लातूरच्या स्थळाला मात्र स्पष्ट सांगा, पीएच.डी. होईपर्यंत नाही. मावशीला माझंच नाव सांगा, तुम्ही ऐकून घेऊ नका.

येळवशीला, रानातल्या अमावास्येच्या पूजेला, येईन म्हणाले होते, पण तिकीट झेपत नाही. माझ्या वाटणीचं आंबील बाळूला द्या.

तुमची,
ताई