सोलापूरची माळरानं झाडांच्या हिशेबात घालू नका

प्रति,
मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

केंद्राची ग्रीन क्रेडिट योजना २०२३ साली आली. कंपनीने पैसे द्यायचे, वन विभागाने जमीन दाखवायची, त्यावर झाडं लावायची आणि क्रेडिट, म्हणजे पर्यावरणाच्या कामाचे गुण, कंपनीच्या नावावर जमा व्हायचे. योजना दिल्लीची असली तरी सोलापुरातली कुठली जमीन त्यात जाणार हे तुमचाच विभाग ठरवतो, म्हणून हे पत्र तुम्हाला.

नान्नज, मार्डी, अकोलेकाटी या भागातली माळरानं या योजनेच्या जमिनींच्या यादीत घालू नका, एवढंच मागणं आहे.

कागदावर ही जमीन पडीक दिसते. पण पाऊस झाल्यावर इथे येऊन पाहा. मुरमाड जमिनीवर मारवेल, पवन्या, कुसळी ही गवतं उभी राहतात. धाविक पक्षी घरटं बांधतच नाही, उघड्या जमिनीवर अंडी घालतो. माळढोकही तसाच, आणि वर्षाला एखादंच अंडं. काळवीट आणि लांडगा याच मोकळ्या रानात जगतात. माळढोकसाठी १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, पुढे ते १,२२२ वर आलं. आता माळढोक दिसणंच मुश्किल. उरलेल्या रानात तरी खड्डे खणायला नकोत.

योजनेच्या सुरुवातीच्या नियमात हेक्टरी किमान १,१०० झाडांची अट होती. २०२५ मध्ये नियम बदलले. आता किमान पाच वर्षांनी झाडांची सावली ४० टक्के जमिनीवर असावी लागते. रोपं मरू नयेत हा त्यामागचा हेतू मला पटतो. पण माळावर ४० टक्के सावली म्हणजे गवत संपलं. जेसीबीने चर मारले की गवताची जुनी मुळं उखडली जातात, आणि माळरानाचा बहुतेक कार्बन जमिनीच्या पोटात, मातीत आणि या मुळांत साठलेला असतो. तो मोकळा करून वर गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया) झाडं लावायची आणि त्याला कार्बन वाचवणं म्हणायचं, हे मला कुठल्याच अंगाने पटत नाही. वर कंपनीच्या चिमणीचा धूर चालूच.

आणि धनगर? गावोगावची मेंढरं याच माळावर चरतात. वनहक्क कायदा २००६ चराईचा हक्क मान्य करतो. रोपं लावली की सगळ्यात आधी काटेरी तारेचं कुंपण पडतं आणि मेंढपाळाला रखवालदार हाकलतो. त्याला ना कुणी विचारतं, ना कुणी भरपाई देतं.

कंपन्यांचा पैसा नकोच, असं मी म्हणत नाही. तो विलायती बाभूळ काढायला, गवताचं बी जमवायला, वणवा रोखायला, चराईच्या पाळ्या गावाने ठरवाव्यात यासाठी वापरता येईल. त्याचं मोजमाप झाडांच्या संख्येवर नको; गवताची वाढ, मातीतला कार्बन, पक्षी यांवर हवं. असा निकष महाराष्ट्राने केंद्राकडे मांडावा.

तोवर जिल्ह्यातल्या कुठल्या जमिनींचे गट क्रमांक या योजनेसाठी गेले आहेत, ती यादी ग्रामपंचायतींत मराठीत लावा. आणि कुठल्याही माळावर पहिला चर पडायच्या आधी तिथल्या ग्रामसभेची बैठक घ्या, मेंढपाळांना बोलावून घ्या.

आपला,
एक सोलापूरकर