किडनीसोबत थायमसचीही बातमी द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

डुकराची किडनी माणसाला बसवल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. जनावरांच्या शरीररचनेचा विषय शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे ती कात्रणं मी जपून ठेवते. किती जनुकं बदलली, पेशंट किती दिवस जगला, हे त्यांत असतं. थायमस, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशी घडवणारी ग्रंथी, मात्र सापडत नाही. न्यूयॉर्कच्या एनवाययू लँगोन रुग्णालयात जुलै 2023 मध्ये मेंदूमृत माणसाच्या शरीरात 61 दिवस चाललेली किडनी आणि एप्रिल 2024 मध्ये लिसा पिसानो या पेशंटला बसवलेली किडनी, या दोन्हींच्या आवरणाखाली त्याच डुकराच्या थायमस ग्रंथीचा भाग ठेवलेला होता. या शस्त्रक्रियांचं वेगळेपण त्यातच होतं.

अस्थिमज्जेतून निघालेल्या कोवळ्या पेशी थायमसमध्ये येतात आणि तिथे टी पेशी, म्हणजे परक्या गोष्टी ओळखून त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, होतात. ज्या स्वतःच्याच शरीरावर उलटतील त्या तिथेच मारल्या जातात; ज्यांना काहीच ओळखता येत नाही त्याही मरतात. शंभरातल्या जेमतेम दोन-चार बाहेर पडतात. आता पेशंटच्या अस्थिमज्जेतल्या पेशी डुकराच्या थायमसमध्ये जाऊन वाढल्या, तर त्या डुकराच्या ऊतींनाही आपलं मानतील, हा यामागचा विचार. संशोधक काझुहिको यामादा आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत डुकराचा थायमस आणि किडनी एकत्र मिळालेली बबून माकडं 83 दिवसांपर्यंत जगली होती. ही काही जादू नव्हे. 61 दिवसांच्या त्या प्रयोगातही मध्येच शरीराने किडनी नाकारायला सुरुवात केली आणि औषधं वाढवावी लागली.

डुकराचा थायमस मला विशेष जवळचा. माणसाचा थायमस छातीच्या हाडामागे असतो. पिलाची मान मात्र खालच्या बाजूने उघडली, की श्वासनलिकेच्या दोन्ही अंगांना फिकट गुलाबी, दोऱ्यात ओवल्यासारख्या गाठींच्या दोन पट्ट्या थेट गळ्यापर्यंत गेलेल्या दिसतात. उरलेला भाग छातीत, हृदयाच्या पुढे. विद्यार्थी वरच्या टोकाला हमखास लाळग्रंथी म्हणायचे. मी सुरी खाली ठेवून त्यांना बोटाने ती पट्टी छातीपर्यंत चाचपत न्यायला सांगायची. मग पटायचं.

या पट्ट्यांचं काम पिलू जन्मण्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. डुकरीण साधारण 114 दिवसांनी विते. चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास गर्भाच्या थायमसमध्ये गॅमा-डेल्टा जातीच्या टी पेशी दिसू लागतात, आणि माणसात ज्यांचा भरणा असतो त्या अल्फा-बीटा पेशी त्यानंतर सुमारे पंधरा दिवसांनी. या गॅमा-डेल्टा पेशी माणसाच्या रक्तात थोड्याच. लहान डुकराच्या रक्तात मात्र लिम्फोसाइट (टी पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या) पेशींपैकी निम्म्यापर्यंत त्याच असू शकतात. म्हणून डुकराची प्रतिकारशक्ती अभ्यासताना माणसाचा किंवा उंदराचा तक्ता जसाच्या तसा लावता येत नाही.

आईच्या प्रतिपिंडांचं म्हणाल तर डुकरिणीच्या वारेतून ती पिलाला मिळत नाहीत. पहिल्या दिवसात पोटात गेलेला चीक, एवढंच त्याचं उसनं संरक्षण. पुढे स्वतःच्या पेशींवर निभवायचं असतं. अशा वेळी पिलांचं दूध अचानक तोडलं, गर्दीत कोंडलं, उपाशी ठेवलं, तर ताणाने थायमस आक्रसतो. स्वाइन फीवर या डुकरांच्या विषाणूजन्य रोगातही तो झिजतो. तरी माझ्याकडे यायचे त्या शवविच्छेदनाच्या फॉर्मांवर किडनीवरचे रक्ताचे ठिपके आणि प्लीहेच्या कडा यांना जागा असायची, थायमसला रकानाच नसायचा. मी तो समासात हाताने लिहायची. गावागावांत डुकरं पाळून घर चालवणारी माणसं आहेत. त्यांची पिलं का दगावली हे कळायचं, तर मानेतली ही ग्रंथी बघायलाच हवी. पशुसंवर्धन खात्याने तो रकाना छापावा, ही माझी जाहीर मागणी आहे.

आपल्याकडे मागणं छोटं आहे. पुढच्या बातमीत किडनीसोबत थायमस होता की नाही, हे एका ओळीत द्या. मार्च 2024 मध्ये बोस्टनला रिचर्ड स्लेमन या पेशंटला बसवलेल्या किडनीसोबत तो नव्हता. तिथे 69 जनुकीय बदलांवर भिस्त होती. पिसानो यांच्या किडनीत जनुकीय बदल एकच होता आणि सोबत थायमस. ती 47 दिवसांनी काढावी लागली ती रक्तपुरवठा कमी पडल्यामुळे. नाकारल्याची चिन्हं तपासणीत दिसली नव्हती. हे दोन वेगळे मार्ग आहेत, आणि ‘डुकराची किडनी’ एवढ्या एका मथळ्याखाली ते वाचकाला एकच वाटतात.

आपली,
एक निवृत्त पशुवैद्यक अध्यापिका, उदगीर