बदली तासाचा बाण कुठे जातो, हे दाखवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सविनय नमस्कार.

सिस्टीम्स थिंकिंग, म्हणजे एकेक घटना सुटी न बघता गोष्टी एकमेकींवर कशा परिणाम करतात ते बघणं, हा शब्द मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणांत पुष्कळदा येतो. बहुतेक वेळा पाठोपाठ हिमनगाचं चित्र येतं (वर दिसते ती घटना, पाण्याखाली तिची कारणं) आणि मग चहा. तुम्ही थेट बदली तासांच्या, म्हणजे रजेवरच्या शिक्षकाच्या वर्गावर दुसऱ्याला पाठवण्याच्या, वहीला हात घातलात, म्हणून हे जाहीर आभार.

तुमचं गणित इथे मांडतो, इतरांच्याही कामी येईल. शिक्षक २०, दिवसाला ८ तास, त्यांतले प्रत्येकाला ६ शिकवायचे आणि २ मोकळे. ३ जण रजेवर गेले की १८ तास भरायचे आणि हजर १७ जणांकडे मोकळे तास ३४. दिवस निभावतो. ५ जण रजेवर असले की भरायचे ३० आणि उरलेल्या १५ जणांचे मोकळे तासही ३०. रजा दोनच वाढल्या, पण शिल्लक १६ वरून शून्यावर आली. (प्रत्यक्षात त्याआधीच दोन वर्ग एकत्र बसवावे लागतात, कारण मोकळा तास हवा तेव्हाच असतो असं नाही.)

मग तुम्ही प्रत्येक गोष्ट एका वर्तुळात लिहून, कशाने काय बदलतं ते दाखवणारे बाण काढायला लावलेत. गैरहजेरी वाढली की बदली तास वाढतात, मोकळे तास घटतात, न तपासलेल्या वह्या साचतात, थकवा वाढतो आणि थकव्यातून पुन्हा गैरहजेरी. या साखळीत उलट दिशेचे (एक वाढलं की दुसरं घटतं असे), म्हणजे वजा खुणेचे बाण दोन: बदली तासांकडून मोकळ्या तासांकडे आणि मोकळ्या तासांकडून साचलेल्या वह्यांकडे. वजा खुणा सम असतील तर चक्र स्वतःलाच फुगवत नेतं, विषम असतील तर तोल सांभाळतं. ही मोजणी पाचवीतलं पोरही करेल, पण ती केल्याशिवाय ‘शिक्षक बेफिकीर झालेत’ हेच निदान तोंडात येतं.

सगळ्यात मोलाचं होतं ते विलंबाच्या दोन आडव्या रेघांचं, म्हणजे परिणाम उशिरा दिसतो हे सांगायला बाणावर मारतात त्या खुणेचं. आठवड्याला २४० वह्या येतात, १२ मोकळ्या तासांत तासाला २० या वेगाने त्या संपतात. त्यातले ४ तास बदलीत गेले की ८० वह्या मागे राहतात, सहा आठवड्यांत ४८०. पालकांची तक्रार येते तेव्हा ढीग झालेला असतो. मुख्याध्यापक सूचना काढतात, ‘आठ दिवसांत सर्व वह्या तपासून पूर्ण कराव्यात.’ वह्या पूर्ण होतात! प्रत्येक पानावर लाल टिक आणि चुकीचा भागाकार तसाच. टिका मोजल्या की टिकाच वाढतात.

बाहेर बोट दाखवण्याआधी आपलाच नियम तपासा, हे सांगताना तुम्ही अमेरिकी अभियंते ‘जे फॉरेस्टर’ यांचं उदाहरण दिलंत. १९५० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकच्या कारखान्यातले कामगारभरतीचे चढउतार बाजारामुळे नव्हे, तर कारखान्याच्याच निर्णयपद्धतीमुळे होतात, हे त्यांनी हाताने आकडेमोड करून दाखवलं होतं. आपल्याकडचा तसा नियम म्हणजे ‘जो मोकळा दिसेल त्याला पाठवा’. तो नेहमी हजर राहणाऱ्यालाच शिक्षा करतो.

उपाय साधाच निघाला. एका शिक्षकाला आठवड्याला जास्तीत जास्त २ बदली तास. त्यावरचे वर्ग आधीच ठरलेल्या वाचन तासाला एकत्र. निकाल दुसऱ्या आठवड्यात बघायचा नाही, सहाव्यात बघायचा. मधल्या काळात दुसरं काही बदलायचं नाही, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. हे सांभाळणं फार जड जातं, खरं सांगायचं तर. आणि पदंच रिकामी असतील तर ही मर्यादा पुरणार नाही, हेही तुम्ही लपवलं नाहीत.

नवशिक्यांसाठी तुमच्या तीन ताकिदी. आधी १० ते १२ आठवड्यांचा आलेख काढा, बाण नंतर. वर्तुळात माणसाचं नाव लिहू नका, कमीजास्त होणारी गोष्ट लिहा. ‘शिस्त नाही’ चालणार नाही, ‘उशिरा येणारी मुलं’ चालेल. आणि कागदाभोवती लिपिक व शिपाईही हवेत. कोणत्या वारी रजेचे अर्ज जास्त येतात ते लिपिकालाच पाठ असतं.

आमच्या चित्रात वर्तुळं आठ-दहाच ठेवली आहेत. ‘पालकांचा विश्वास’ कडून ‘गैरहजेरी’ कडे जाणारा बाण मात्र अजून पेन्सिलीत आहे, त्यावर शिक्षकांचं एकमत नाही. तुम्ही याल तेव्हा शाईने गिरवू किंवा खोडून टाकू.

आपले नम्र,
मुख्याध्यापकांचा अभ्यासगट