बुजवलेली नदी आणि रखडलेली राइड

पुणे,
२१ डिसेंबर २०२५

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. त्यातला संताप वाचून आधी हसू आले, पण दुसऱ्यांदा वाचताना तुझे म्हणणे पटू लागले. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या मॅजिक किंग्डम उद्यानातली ती वळणावळणाची नदी आणि तिच्यावरची लिबर्टी बेल बोट गेल्या जुलैत बंद झाली, नदीचे पाणी उपसून तिथे भराव पडू लागला, आणि मोटारींच्या नव्या राइड कधी येणार, असे तुझी धाकटी दर रविवारी विचारते. ‘आहे ते आधी मोडायचे आणि नवे सवडीने बांधायचे, हा कुठला धंदा?’ असे तू लिहिले आहेस. दुसऱ्यांचे ताळेबंद वाचण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे माझे उत्तर थोडे रुक्ष वाटेल. राइड का रखडली याचे कारण तिच्या पायाच्या खड्ड्यात शोधू नकोस. त्या वर्षी कंपनीचा पैसा आणखी कुठे गेला, ते बघ.

ट्रॉन या कोस्टरचे, म्हणजे रुळांवरून सुसाट धावणाऱ्या राइडचेच उदाहरण घे. शांघायच्या डिस्ने उद्यानात ती राइड १६ जून २०१६ रोजी, म्हणजे उद्यान उघडले त्याच दिवशी, सुरू झाली होती. तुमच्याकडे तशीच राइड येणार ही घोषणा जुलै २०१७ मध्ये झाली आणि १ ऑक्टोबर २०२१ला उद्यानाला ५० वर्षे पूर्ण होण्याआधी ती सुरू व्हायची होती. आराखडा सिद्ध झालेला, व्हेकोमा या डच कंपनीने एकदा केलेलेच काम पुन्हा करायचे, आणि तरीही राइड उघडली ४ एप्रिल २०२३ला. त्या एका कोस्टरपायी उद्यानाभोवती फिरणारी आगगाडीसुद्धा डिसेंबर २०१८ पासून तब्बल चार वर्षे उभी राहिली. मधल्या काळात महासाथ आली आणि उद्याने बंद पडली, हे मान्यच. पण दारे २०२०च्या जुलैत उघडली होती आणि त्यानंतरही पावणेतीन वर्षे गेली, हे विसरून चालणार नाही.

आता त्याच काळातले आकडे पाहू. २०२२च्या आर्थिक वर्षात डिस्नेच्या उद्यानांनी आणि त्यांच्याशी जोडलेल्या व्यवसायांनी सुमारे ८ अब्ज डॉलर कमावले, आणि घरबसल्या चित्रपट दाखवणाऱ्या सेवांनी जवळपास ४ अब्ज डॉलर गमावले. एकत्र कुटुंबात कमावता भाऊ एक आणि खर्चाचे वाटेकरी अनेक असले, की त्याच्या खोलीची रंगरंगोटी पुढच्या दिवाळीवर जाते, तसेच हे झाले. राइड हा खर्चच असा आहे, की तो वर्षभर पुढे ढकलला तरी त्या वर्षीची फाटकावरची गर्दी फारशी घटत नाही. पगार, वीज, विमा, सुटे भाग यांतले काहीच ढकलता येत नाही. म्हणून कात्री हाती आली की ती प्रथम नव्या राइडवर चालते. एप्कॉट या तिथल्याच दुसऱ्या डिस्ने उद्यानात २०१९ साली वाजतगाजत जाहीर झालेली मेरी पॉपिन्सची राइड तर गुंडाळूनच ठेवली गेली.

मग पैसा सुटतो केव्हा? माझ्या मते, शेजाऱ्याने घर बांधायला काढले की. हॅरी पॉटरचा भाग युनिव्हर्सल या डिस्नेच्या प्रतिस्पर्ध्याने जून २०१०मध्ये उघडला आणि पुढच्याच वर्षी डिस्नेने अवतार चित्रपटावरच्या पँडोरा या भागाची घोषणा केली. ते प्रत्यक्षात यायला मात्र २०१७ उजाडले. आताही युनिव्हर्सलचे एपिक युनिव्हर्स हे नवे उद्यान तुझ्या दारात उभे राहत असताना, सप्टेंबर २०२३मध्ये, १० वर्षांत ६० अब्ज डॉलर गुंतवण्याचा डिस्नेचा मानस जाहीर झाला आणि वर्षभराने ऑगस्ट २०२४मध्ये तुझ्या नदीवर संक्रांत आली. एपिक युनिव्हर्सलाही उशीर झालाच होता. ते २०२३ला यायचे होते, महासाथीत काम थांबले, आणि ते उघडले २२ मे २०२५ला. म्हणजे उशीर दोघांनाही चुकला नाही. फरक इतकाच, की युनिव्हर्सलने रिकाम्या जमिनीवर नवे उद्यान बांधले आणि त्याची वाट पाहताना कोणाची बोट बंद पडली नाही.

तुझ्या रागाशी मी इथपर्यंत सहमत आहे. पण आपल्याकडची गोष्ट ऐकलीस, तर सवडीने बांधणाऱ्यांना तू थोडी माफी देशील.

इमॅजिका हे उद्यान नेमके उलटे उदाहरण आहे. मनमोहन शेट्टी यांनी खोपोली-पाली रस्त्यावर २०१३च्या एप्रिलमध्ये ते उघडले, तेव्हा काहीही टप्प्याटप्प्याने करायचे नव्हते. बोलिगर अँड माबिलार्ड या स्विस कंपनीचा नायट्रो कोस्टर, अंधारातला डीप स्पेस, भुताटकीचा सलीमगढ हे सगळे पहिल्याच वर्षी आले. २०१४मध्ये वॉटर पार्क, मग हॉटेल, २०१६मध्ये स्नो पार्क. भारतात तोवर कोणी न दाखवलेली ही हिंमत होती आणि मी आजही तिला सलाम करतो. परंतु ती हिंमत मोठ्या प्रमाणात कर्जावर उभी होती. २०१५च्या मार्चमध्ये समभाग विक्रीला आले ते मुख्यतः कर्ज फेडण्यासाठी, आणि तेव्हाही किंमत उतरवून मुदत वाढवावी लागली. शनिवार-रविवारच्या रांगांसाठी बांधलेली क्षमता मंगळवारी रिकामी फिरते, पावसाळ्यात खोपोलीचा पाऊस गिऱ्हाईक आणि राइड दोघांनाही घरी बसवतो, आणि व्याज मात्र मंगळवार पाहत नाही की पाऊस पाहत नाही. त्यात जुलै २०१७पासून तिकिटावर २८ टक्के जीएसटी लागला. तो १८ टक्क्यांवर यायला पुढचे वर्ष उजाडले. दरम्यान नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक जादा ‘ए’ जोडला गेला. मराठीत तो दिसत नाही आणि ताळेबंदातही त्याचा काही गुण आलेला दिसला नाही. शेवटी २०२२मध्ये बँकांशी तडजोड होऊन उद्यान संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेले. होय, गायछाप जर्दावालेच. आपल्या गल्लीतल्या पानाच्या गादीवरची ती पिवळी पुडी एक दिवस नायट्रोची मालकीण होईल, असे तेव्हा कोणी सांगितले असते तर आपण त्याला वेड्यात काढले असते!

आणि आता प्राधान्यक्रम बघ. शिर्डी आणि लोणावळ्यातले वॉटर पार्क ही या समूहाची मूळ कमाईची विद्या. घसरगुंडीला ना अवजड पोलाद लागते, ना परदेशी तंत्रज्ञ, ना धावत्या गाड्यांचे ब्रेक. माणूस तिच्यावरून दिवसभर घसरतो आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा येतो. कोस्टर मात्र परदेशातल्या मोजक्या कारखान्यांत सांगून घडवावा लागतो, त्याचे सांगाडे जहाजाने येतात, आणि माणूस बसण्याआधी पाण्याने भरलेल्या पुतळ्यांना शेकडो फेऱ्या माराव्या लागतात. गेल्या १२ वर्षांत खोपोलीला नायट्रोच्या तोडीचा दुसरा कोस्टर आला नाही, याचे मला वाईट वाटते. पण मी त्यांचा हिशेबनीस असतो, तर मीही पैसा पाण्यातच घालायला सांगितला असता. (हा वाक्प्रचार इथे प्रथमच शुभ अर्थाने वापरतो आहे.)

उशिरालाही काही वेळा अर्थ असतो, हे मला वंडरला या उद्याने चालवणाऱ्या कंपनीने पटवले. चेन्नईजवळची जमीन घेऊन ते वर्षानुवर्षे थांबले, कारण तमिळनाडूत जीएसटीच्या वर स्थानिक करमणूक कर होता. त्यातून सूट मिळाल्याशिवाय त्यांनी बांधकामाला हात घातला नाही. अखेर या महिन्यात ते उद्यान उघडले. लोकांनी वाट पाहिली, पण कंपनीला कर्जापायी मालक बदलावा लागला नाही.

माझे स्वतःचे म्हणशील, तर मला नव्या राइडइतकीच रांगेवरची सावली हवी असते. भर मेमध्ये एका उद्यानात, नाव नको, पन्नास मिनिटे पत्र्याखाली उभे राहून आमची आई घेरी येऊन बसली होती. तिच्या दृष्टीने तिथली सर्वांत चांगली गुंतवणूक म्हणजे बाहेरची थंड पाण्याची टाकी.

आपण गोराईच्या धक्क्यावरून लाँचने एस्सेलवर्ल्डला जायचो, तेव्हा यातले काहीच ठाऊक नव्हते. तिथला झिपर डिपर कोस्टर दर वर्षी तोच असायचा आणि तरी तुला दर वर्षी उलटी व्हायची. २०२२पासून ते फाटकही बंद आहे.

जानेवारीत मुलांना घेऊन येतो आहेस, तर खोपोलीला जाऊच. मंगळवार धर, शाळेच्या सहली आल्या तर थोडी गर्दी होईल, एरवी नायट्रोच्या शेवटच्या रांगेत बसायला थांबावे लागणार नाही. धाकटीची उंची मोजून आधी कळव, म्हणजे तिथे रडारड नको. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनय

ता. क. — येताना लिबर्टी बेलचा तू काढलेला तो शेवटचा फोटो छापून आण. माझ्या टेबलावर लावायचा आहे.